तुम्हाला कदाचित वडिलांचं नाव म्हणायचं असेल

तिकीट दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी आलं. आमच्या धंद्यात तिकीट म्हणजे तक्रार. बहुतेक तिकिटांची भाषा ठरलेली असते : ‘पेज ओपन होत नाही, अर्जंट.’ सगळीच अर्जंट असतात, त्यामुळे कुठलंच नसतं. या तिकिटात दोन वाक्यं होती.

‘गेटपासच्या पानावर एकाही मुलीची माहिती दिसत नाही. एका मुलीची आई गेटवर बसली आहे.’

पहिलं वाक्य मी वाचलं. दुसरं नुसतं पाहिलं.

मी बाणेरला एका छोट्या कंपनीत काम करतो. २०१८ साली इंजिनिअर झालो, त्यानंतरची ही दुसरी नोकरी. आम्ही शाळा आणि वसतिगृहांसाठी सॉफ्टवेअर बनवतो : प्रवेश, फी, मेस, हजेरी आणि गेटपास. आमच्या ग्राहकांपैकी एका शिक्षणसंस्थेची तालुक्याच्या गावांमध्ये मुलींची वसतिगृहं आहेत. मुलगी घरी जायला निघाली की वॉर्डन गेटपासचं पान उघडते, न्यायला आलेल्या माणसाचं नाव तिथे आहे का बघते, आणि मग मुलगी बाहेर पडते. नियम कडक आहे आणि असायलाच हवा.

त्या पानावर दोनच नावं यायची : वडील आणि पालक. आईचं नाव नव्हतं. प्रवेशाच्या कागदी अर्जावर असायचं, पण आमच्या टेबलात तो रकानाच नव्हता. सॉफ्टवेअर पहिल्यांदा बनलं तेव्हा कुणी विचारलं नसेल, कुणी सांगितलं नसेल.

मग २०२४ च्या मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय आला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. वसतिगृहातल्या मुलींना तो लागू होत नव्हता, त्या कितीतरी आधी जन्मलेल्या. पण संस्थेच्या बाईंनी तेवढ्यावरून विषय काढला. त्या म्हणाल्या, ‘सरकारला सुचलं, तर आपणही करून टाकू. आई न्यायला येते आणि पानावर तिचं नाव नसतं, मग आम्ही वडिलांना फोन लावत बसतो. सगळ्या मुलींसाठी आईचं नाव घ्या आणि गेटपासवर दाखवा.’

काम माझ्याकडे आलं, कारण ते छोटं होतं. विद्यार्थ्यांच्या टेबलात एक नवा रकाना, मदर_नेम. प्रवेशाच्या फॉर्मवर एक चौकोन. गेटपासच्या पानावर एक ओळ. संस्थेने जुन्या अर्जांवरून नावं भरून एक्सेलची फाइल पाठवली, ती मी टेबलात चढवली. माझ्या लॅपटॉपवर सगळं चाललं. टेस्ट सर्व्हरवर चाललं. ऑगस्टमधल्या एका गुरुवारी रात्री रिलीज गेला. शुक्रवारी दुपारी तिकीट आलं.

लॉग उघडला तर एकच चूक शेकडो वेळा लिहिलेली होती : ‘कॉलम व्ही डॉट मदर_नेम डझ नॉट एक्झिस्ट.’ असा रकाना अस्तित्वातच नाही.

मी टेबल उघडून बघितलं. रकाना होता. नावं भरलेली होती. एका ओळीवर तर माझ्या डोळ्यांसमोर एका बाईचं पूर्ण नाव होतं, आणि डेटाबेस म्हणत होता, असं काही नाही.

आता व्ह्यू म्हणजे काय ते सांगायला हवं. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

डेटाबेसमध्ये माहिती टेबलांत असते : आडव्या ओळी, उभे रकाने. पण प्रत्येकाला सगळं टेबल दाखवायचं नसतं. वॉर्डनला मुलीची फी थकली आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही, तिला नाव, खोली आणि पालक हवेत, आणि ते दोन-तीन टेबलांत विखुरलेले असतात. म्हणून एक क्वेरी लिहून तिला नाव देऊन ठेवतात. तो व्ह्यू. वापरणाऱ्याला तो टेबलासारखाच दिसतो, पण त्याच्या पोटात स्वतःचं काहीच नसतं. विचारलं की तो मूळ टेबलांकडे जाऊन आणतो. १९७० साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलचा निबंध लिहिला. त्यातला एक मोठा आग्रह असा होता की माहिती आत कशी रचली आहे, याच्याशी वापरणाऱ्याला बांधून ठेवू नये. आतली रचना बदलली तरी बाहेरच्याचं काम अडू नये. व्ह्यू हा त्या आग्रहाचाच एक हात आहे. आत काहीही हलवा, बाहेर तीच खिडकी.

आमच्या गेटपासच्या पानामागेही एक व्ह्यू होता. तो २०१९ मध्ये कुणीतरी लिहिला होता, मी कंपनीत येण्याच्या आधी, आणि लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेला होता. आमच्या कोडच्या फाइलीत त्याची व्याख्या होती, साधी : विद्यार्थ्यांच्या टेबलातलं सगळं आणि खोल्यांच्या टेबलातला खोली क्रमांक. ‘सगळं’ लिहायला एसक्यूएलमध्ये एक चांदणी असते. सिलेक्ट स्टार. चांदणी म्हणजे जे जे असेल ते. मग मी टेबलात रकाना वाढवला, तर तो चांदणीत आपोआप येणारच. मी हे तपासलंही नाही. तपासावं असं त्यात काही वाटलंच नाही.

एक वाजता माझी टीम लीड खुर्चीमागे येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘रिलीज मागे घे. जुन्या पानावर निदान पालकाचा मोबाइल नंबर तरी दिसतो, वॉर्डन फोन करून सोडेल मुलीला. आपण सावकाश शोधू.’

तिचं बरोबर होतं. रिलीज मागे घ्यायला दहा मिनिटं लागतात. मी म्हणालो, ‘दहा मिनिटं दे, सापडलंच आहे.’

सापडलं काहीही नव्हतं. पण रिलीज मागे घेतला की सोमवारच्या मीटिंगमध्ये त्यावर बोलावं लागतं, आणि एवढ्याशा कामासाठी मला बोलायचं नव्हतं. हे मी आता इतक्या स्पष्ट लिहू शकतो. तेव्हा मला ते ‘आत्मविश्वास’ वाटत होतं. तिला दुसरा कॉल आला आणि ती गेली.

त्यानंतर मी जे केलं ते क्रमाने सांगतो, कारण माझ्यासारखे बरेच जण याच क्रमाने वेळ घालवतात.

आधी मला वाटलं, रकाना वाढवणारी स्क्रिप्ट प्रॉडक्शनवर अर्धवट चालली असेल. पुन्हा चालवली. डेटाबेस म्हणाला, रकाना आधीच आहे. मग वाटलं, ॲप्लिकेशनने जुनं काहीतरी धरून ठेवलंय. सर्व्हर बंद करून चालू केला. आमच्याकडे हा गणपतीला नारळ फोडण्यासारखा प्रकार आहे, उपाय म्हणून कमी आणि समाधान म्हणून जास्त. चूक तीच. मग वाटलं, ॲप्लिकेशन भलत्याच डेटाबेसशी बोलतंय. पासवर्ड, पत्ता, पोर्ट सगळं जुळवून बघितलं, बरोबर होतं. मग लहान-मोठ्या अक्षरांचा संशय आला. पोस्टग्रेसमध्ये नाव अवतरणचिन्हांत न घालता लिहिलं तर ते सगळं लहान लिपीत धरलं जातं, आणि कुणी अवतरणात कॅपिटल अक्षरं वापरून रकाना बनवला असेल तर तो साध्या नावाने कधीच सापडत नाही. अक्षरं बघितली, सगळी लहान. मग एकाच नावाचे दोन व्ह्यू दोन वेगळ्या स्कीमांत आहेत का, आणि शोधायच्या क्रमात चुकीचा आधी लागतोय का, तेही पाहिलं. एकच होता.

अडीच वाजले. जेवण राहिलं होतं.

या सगळ्या वेळात चुकीच्या संदेशाची दुसरी ओळ मी वाचत नव्हतो. पोस्टग्रेस चूक सांगून थांबत नाही, कधी कधी खाली एक इशारा देतो. तो इशारा असा होता : ‘परहॅप्स यू मेन्ट टू रेफरन्स द कॉलम व्ही डॉट फादर_नेम.’

तुम्हाला कदाचित वडिलांचं नाव म्हणायचं असेल.

मी ते पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा हसलो. शेजारच्या मुलाला दाखवलं, तोही हसला. मग मी गप्प झालो.

यात डेटाबेसचा काही आकस नाही. तो फक्त अक्षरं मोजतो. सापडत नसलेल्या नावाच्या जवळचं नाव कुठलं, हे तो लेव्हनस्टाइन अंतराने ठरवतो. व्लादिमिर लेव्हनस्टाइन या सोव्हिएत गणितज्ञाने १९६५ मध्ये मांडलेली कल्पना : एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात. इंग्रजीत ‘मदर’चं ‘फादर’ करायला दोनच बदलावी लागतात. ‘एम’च्या जागी ‘एफ’, ‘ओ’च्या जागी ‘ए’. अंतर दोन. इतकं जवळ काही दिसलं की डेटाबेस आपुलकीने विचारतो, हे तर नव्हे? आम्ही रकान्यांना मराठी नावं दिली असती तर ‘आई’ आणि ‘वडील’ यांच्यात त्याला काहीच साम्य दिसलं नसतं, आणि तो गप्प बसला असता.

पण मला आठवला तो माणूस होता. मी सातवीत असताना माझे वडील गेले. पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आई माझ्यासोबत तालुक्याला आली होती. खिडकीतल्या माणसाने फॉर्म उलटसुलट केला आणि तिला विचारलं, ‘वडिलांची सही?’ ती म्हणाली, ‘ते न्हाईत.’ तो म्हणाला, ‘मग उद्या घेऊन या.’ त्याला वाटलं, आज आले नाहीत. त्याचाही काही आकस नव्हता. त्याच्या फॉर्मवर एक रकाना रिकामा होता आणि त्याने सवयीने त्या रकान्याचं नाव घेतलं.

इशाऱ्यातल्या ‘व्ही’कडे माझं लक्ष तेव्हा गेलं. दोन्ही ओळींत तो होता. व्ही म्हणजे व्ह्यू, क्वेरीत त्याला दिलेलं टोपणनाव. डेटाबेस दोन तास मला सांगत होता की रकाना व्ह्यूत नाही. तो टेबलात आहे हे मी त्याला पुन्हा पुन्हा दाखवत होतो.

मग मी जे पहिल्याच मिनिटाला करायला हवं होतं ते केलं. फाइलीतली व्याख्या बाजूला ठेवली आणि डेटाबेसलाच विचारलं, तुझ्याकडे हा व्ह्यू कसा लिहिलेला आहे? पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी आज्ञा आहे, एक ओळीची. उत्तर आलं. त्यात चांदणी नव्हती. चांदणीच्या जागी एकाखाली एक बावीस नावं होती, आणि शेवटी तेविसावा खोली क्रमांक.

आपल्याला वाटतं व्ह्यू म्हणजे खिडकी, तिकडे जे असेल ते दिसेल. ओळींच्या बाबतीत ते खरं आहे. काल नवी मुलगी दाखल झाली तर आज ती व्ह्यूत दिसते. पण रकान्यांच्या बाबतीत व्ह्यू खिडकी नसतो, छापील रजिस्टर असतो. शाळेचा हजेरीपट आठवा. रोज नव्या खुणा होतात, नवी मुलं शेवटी जोडली जातात, पण रकाने ज्या दिवशी छापखान्यात छापले त्या दिवशीचेच. व्ह्यू तयार करताना चांदणी लिहिली की डेटाबेस त्या क्षणी टेबलात असलेले रकाने मोजतो, एकेकाचं नाव लिहून घेतो आणि चांदणी फेकून देतो. ‘जे जे असेल ते’ याचा अर्थ ‘जे जे आज आहे ते’ असा होतो. आमचा आज २०१९ चा होता.

माझ्या लॅपटॉपवर हे दिसलं नाही, कारण तिथे डेटाबेस दर वेळी शून्यापासून उभा राहतो : आधी सगळी टेबलं, सगळ्या बदलांसकट, आणि शेवटी व्ह्यू. चांदणी उघडते तेव्हा आईचं नाव आधीच टेबलात असतं. टेस्ट सर्व्हरही तसाच. जुना व्ह्यू फक्त एकाच ठिकाणी होता, जिथे खरी माणसं होती.

कारण कळलं. आता उपाय सोपा, त्याच फाइलीने व्ह्यू पुन्हा बनवायचा. चालवली. नवी चूक : खोली क्रमांकाच्या रकान्याचं नाव बदलून मदर_नेम करता येणार नाही. मला एक क्षण काही कळेना. मग लक्षात आलं. चांदणी आता तेवीस रकान्यांना उघडत होती, त्यामुळे तेविसाव्या जागी, जिथे पूर्वी खोली क्रमांक होता, तिथे आईचं नाव येत होतं. पोस्टग्रेस चालू व्ह्यू बदलू देतो, पण असलेल्या रकान्यांची नावं, क्रम आणि प्रकार तसेच ठेवून. नवं काही हवं असेल तर रांगेत शेवटी उभं करा. व्ह्यू पाडून नवा बांधावा म्हटलं, तर त्याच्यावर मेसचे आणि सुट्टीचे असे आणखी दोन व्ह्यू उभे होते. हा पाडायचा तर तेही पडणार.

मी सगळी नावं हाताने लिहिली आणि आईचं नाव शेवटी टाकलं, चोविसाव्या जागी. मंत्रिमंडळाने तिला वडिलांच्या आधी बसवलं होतं. आमच्याकडे ती खोली क्रमांकाच्या मागे उभी राहिली. पण पान उघडलं. ३ वाजून ५० मिनिटांनी मी तिकिटावर ‘रिझॉल्व्हड’ लिहिलं आणि कँटीनमध्ये जाऊन थंड पोहे खाल्ले.

रात्री आईचा फोन आला. ती सांगली जिल्ह्यात गावी असते, रोज नऊला फोन करते. मी काय करतो हे तिला नेमकं माहीत नाही, पण दिवस कसा गेला हे माझ्या ‘हॅलो’वरून कळतं. मी तिला सगळं सांगितलं. व्ह्यूबिव्ह्यू नाही, एवढंच की वसतिगृहाच्या पानावर आयांची नावं यायला हवी होती ती आली नाहीत, माझी चूक होती, एक बाई गेटवर बसून होती, आणि मी ते दुरुस्त केलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘मग त्या बाईला पोरगी दिली का न्हाई?’

मला माहीत नव्हतं.

‘दिली असंल ना,’ मी म्हणालो.

‘असंल म्हंजे? तू इचारलं न्हाईस?’

मी विचारलं नव्हतं. तिकिटावर तसा रकाना नसतो. नवीन, चालू, सुटलं, बंद. मी ‘सुटलं’ लिहिलं होतं, आणि ते पानाबद्दल खरं होतं.

आई पुढे काही बोलली नाही. तिने विषय बदलला, विहिरीच्या मोटारीबद्दल सांगितलं. तिला गेटवर बसणं म्हणजे काय ते माहीत आहे. तिचं माहेरचं नाव वेगळं, लग्नात ठेवलेलं सासरचं नाव वेगळं. शाळेचा दाखला एका नावाचा, रेशनकार्ड दुसऱ्या. वडील गेल्यावर त्यांचे बँकेतले पैसे मिळवायला दोन्ही नावांची बाई आपणच आहोत हे तिला सिद्ध करावं लागलं : प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, पुन्हा या, साहेब रजेवर आहेत. एक उन्हाळा त्यात गेला. पोस्टग्रेसचा एक गुण मी हे लिहिताना तिच्यामुळे नव्याने पाहिला. टेबलातल्या रकान्याचं नाव बदललं तरी व्ह्यू मोडत नाही. तो रकान्याला नावाने नव्हे, आतल्या क्रमांकाने ओळखतो, आणि बाहेरच्यांना जुन्याच नावाने दाखवत राहतो. आईला माहेरी अजून जुन्याच नावाने हाक मारतात. ती ओ देते. माणसाला नावामागचा माणूस ओळखता येतो, डेटाबेसलाही येतो. न येणारं जे काही असतं ते मधल्या खिडकीत बसलेलं असतं.

फोन ठेवल्यावर मी सपोर्टच्या मैत्रिणीला मेसेज केला. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहात फोन करून विचारलं. ती बाई मुलीला न्यायला आली होती, कारण मुलीची आजी फार आजारी होती. पान उघडत नव्हतं म्हणून वॉर्डनने कागदी रजिस्टर काढलं, त्यात फक्त वडिलांचं नाव. वडील ऊसतोडीच्या मुकादमाकडे उचल घ्यायला गेलेले, फोन लागेना. पान सुरू झालं तेव्हा आईचं नाव दिसलं, वॉर्डनने आधार कार्डाशी ताडून बघितलं आणि चार वाजता मुलीला सोडलं. त्यांच्या गावाला जाणारी एसटी साडेतीनला सुटते. त्यानंतर थेट गाडी नाही. त्या रात्री दोघी तालुक्यातच एका नातेवाइकांकडे राहिल्या आणि सकाळी निघाल्या.

आजीचं पुढे काय झालं, हे विचारायला मी मैत्रिणीला सांगितलं नाही. कुणाच्या वतीने विचारणार होतो?

शनिवारी मी ऑफिसला गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये तिन्ही व्ह्यू पाडून पुन्हा बांधले, म्हणजे मध्येच काही बिनसलं तर सगळं होतं तसं परत येईल. पोस्टग्रेस ही सोय रचनेच्या बदलांनाही देतो. चांदणी सगळीकडून काढली, प्रत्येक रकान्याचं नाव लिहिलं. आईचं नाव वडिलांच्या आधी. पाडलेल्या व्ह्यूबरोबर त्यावरचे हक्कही पुसले जातात, हे या वेळी आधीच आठवलं. गेटपासच्या ॲप्लिकेशनला वाचायचा हक्क पुन्हा दिला, नाहीतर सोमवारी ‘परवानगी नाही’ म्हणून नवं तिकीट आलं असतं.

आता आमच्या टीममध्ये एक सवय आहे. टेबलाला हात लावायचा असेल तर आधी त्याच्यावर कोण कोण उभं आहे, ते डेटाबेसला विचारायचं. आणि बदल तपासायचा तो शून्यापासून उभारलेल्या डेटाबेसवर नाही, तर प्रॉडक्शनच्या रचनेची नक्कल घेऊन तिच्यावर. तुम्ही दुसरा डेटाबेस वापरत असाल तर तपशील बदलतील. मायएसक्यूएलमध्येही चांदणी तयार होतानाच गोठते, आणि तिथे टेबलातला रकाना तुम्ही बिनदिक्कत काढू शकता. व्ह्यू तसाच राहतो आणि कुणीतरी त्याला विचारेल तेव्हा, १३५६ क्रमांकाच्या चुकीने, मोडतो. पोस्टग्रेस काढायलाच नकार देतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तर जुन्या चांदणीच्या व्ह्यूखालचं टेबल बदललं आणि व्ह्यू ताजा करून घेतला नाही, तर चूक न येताच माहिती शेजारच्या रकान्यात सरकू शकते. एका नावाखाली दुसऱ्याची माहिती. मला त्यापेक्षा ‘अस्तित्वात नाही’ म्हणणारा डेटाबेस बरा वाटतो. निदान तो थांबतो.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी स्वतःहून बोललो. चांदणीबद्दल पाच मिनिटं बोललो, ते सगळ्यांना आवडलं, कुणीतरी लिहूनही घेतलं. मग मी सांगितलं की रिलीज एक वाजता मागे घेता आला असता आणि मी घेतला नाही. यावर कुणी काही म्हणालं नाही. लीडने फक्त मान हलवली आणि पुढच्या विषयाकडे वळली. तिला ते शुक्रवारीच कळलं होतं.

तिकिटाच्या फॉर्मवर मी एक रकाना वाढवून घेतला आहे. बंद करण्याआधी तो भरावाच लागतो : ‘ज्याचं काम अडलं होतं, त्याचं झालं का?’ पहिले काही दिवस सगळे कुरकुरले. आता बहुतेक जण ‘हो’ लिहून मोकळे होतात. मीही कधी कधी तेच करतो. पण कधी कधी फोन लावतो.

आणि हो, तो रकाना व्ह्यूत आला आहे ना, ते मी प्रॉडक्शनवर बघून घेतलं.